खेळण्यांची विक्रीमांडणी

खेळणी व व्हिडिओ गेम मुलाच्या नजरेत भरतील आणि शक्यतो हाताळता येतील, अशा रीतीने दुकानात वा जत्रेतील ठेल्यावर मांडण्याचे तंत्र. गोव्याच्या पेडणे तालुक्यातील पार्से परिसरात ते प्रथम जत्रेच्या फेरीत दिसते. पेडण्याची पुनव किंवा डिचोलीतील शिरगावची लईराईची जत्रा अशा प्रसंगी चेंडू, फुगे, पिपाण्या बांबूला टांगतात. गर्दीतही ते दुरून दिसतात. चावीची गाडी मात्र खाली, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर चालती ठेवतात. चालते खेळणे हीच या मांडणीची खरी शक्ती होय.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात, सावंतवाडीच्या चितारआळीतील मांडणी अधिक विचारपूर्वक केलेली आहे. तेथील लाकडी फळे व भाज्या एकेकट्या न ठेवता परडीत रचतात. आंबा, केळी, वांगी, मिरची यांचे रंग परस्परांना उठाव देतात आणि गिऱ्हाईक सहज हात घालते. भातुकलीचा संच पूर्ण मांडून दाखवला, तरच त्याचा खेळ कळतो. बंद खोक्याने ही कला झाकली जाते, ही मोठी हानी आहे.

व्हिडिओ गेमचे खोके बाहेरून काहीच सांगत नाही, म्हणून तेथे दुकानातील प्रात्यक्षिकाला विशेष महत्त्व आले. १९८५ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीने न्यूयॉर्कच्या दुकानांत आपल्याच माणसांकरवी मांडणी करवली व न विकलेला माल परत घेण्याची हमी दिली. ‘रॉब’ हा यंत्रमानव तेव्हा पुढे ठेवला होता. त्यामुळे, आधी बाजार कोसळल्याने व्हिडिओ गेमना धास्तावलेल्या दुकानदारांना तो माल खेळणे म्हणून स्वीकारता आला.