वायुनियमांची वंशावळ

रसायनशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात वायूंचे नियम जेथे येतात, तेथे प्रत्येक नियमाच्या माथ्यावर एकेका पुरुषाचे नाव असते, आणि त्यामुळे विद्यार्थ्याची सहजच अशी समजूत होते की बॉइल, चार्ल्स, गे-ल्युसॅक या मंडळींनी आपापल्या एकांतात निसर्गाचे एकेक गुपित उकलून जगाच्या स्वाधीन केले. त्या काळचे लेख मात्र वेगळी हकीकत सांगतात. हे नियम अनेकांच्या हातून घडले आणि ज्यांची नावे त्यांना चिकटली त्यांपैकी दोघांनी तरी इतरांचे ऋण आपल्या लेखणीने नमूद करून ठेवले. हा प्रामाणिकपणा मला नियमांइतकाच मोलाचा वाटतो.

1643 साली इटलीत टॉरिचेलीच्या नळीत पाऱ्याचा स्तंभ उभा राहिला, आणि 1648 साली पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए हा फ्रान्समधील प्युई द दोम पर्वतावर तीच नळी घेऊन चढला तेव्हा, उंचीबरोबर पारा खाली उतरतो, हे दिसून आले. या प्रयोगांचा वारसा ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट बॉइलकडे आला. रॉबर्ट हूक या कुशल साहाय्यकाच्या हातून त्याने वायुपंप सिद्ध करविला आणि 1660 मध्ये हवेच्या स्थितिस्थापकतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावर फ्रान्सिस लायनस या जेझुइट पंडिताने हरकत घेतली: पाऱ्याला हवेचा दाब उचलून धरीत नाही, तर एक अदृश्य तंतू वर ओढून धरतो, असे त्याचे म्हणणे होते. या वादाचा फैसला करण्याच्या खटपटीतूनच बॉइलच्या नावाचा नियम 1662 मध्ये प्रकाशात आला.

त्या प्रयोगाचा तपशील आजही वाचनीय आहे. इंग्रजी जे अक्षरासारखी वळविलेली, आखूड शाखेचे तोंड बंद असलेली काचेची नळी इतकी लांब होती की तिच्यासाठी जिन्याचा आश्रय करावा लागला. एकाने वरून पारा ओतावा, दुसऱ्याने खाली उभे राहून नळीला चिकटविलेल्या कागदी पट्टीवरील खुणा वाचाव्यात, अशी कामाची वाटणी होती, आणि आधीची एक नळी फुटलेली असल्यामुळे, सांडलेला पारा वाया जाऊ नये म्हणून नळीखाली लाकडी पेटी ठेवलेली होती. आरंभी कोंडलेल्या हवेचा स्तंभ 12 इंच व तिच्यावरील दाब पाऱ्याच्या 29 पूर्णांक 2/16 इंचांइतका होता. हवा 6 इंचांवर आली तेव्हा दाब 58 पूर्णांक 13/16 इंच भरला, आणि 3 इंचांवर आली तेव्हा 117 पूर्णांक 9/16. आकारमान निम्मे, तर दाब जवळजवळ दुप्पट. आकारमान चतुर्थांश, तर दाब जवळजवळ चौपट. निरीक्षित आकड्यांशेजारीच हिशेबाने यावेत ते आकडे छापून बॉइलने दोहोंतील अंतरही वाचकांसमोर उघडे ठेवले.

याहून उल्लेखनीय गोष्ट ही की दाब आणि विस्तार व्यस्त प्रमाणात असतात ही कल्पना आपल्याला लँकेशायरच्या रिचर्ड टाउनलीकडून मिळाली, असे त्याने 1662 च्या त्याच लिखाणात कबूल केले. टाउनली आणि त्याचा वैद्य मित्र हेन्री पॉवर यांनी 1661 मध्ये पेंडल टेकडीवर कोंडलेल्या हवेचे प्रयोग केलेले होते. पुढे 1676 मध्ये फ्रान्समध्ये मारिऑतनेही हाच नियम मांडला, आणि त्या देशात तो त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

दाबाचा हिशेब लागला तरी उष्णतेचा प्रश्न शिल्लक होता. त्याच्या उत्तराशी ज्याचे नाव जोडले गेले तो जाक चार्ल्स पॅरिसमध्ये विमानविद्येच्या नादी लागलेला होता. 27 ऑगस्ट 1783 रोजी त्याने हायड्रोजनने भरलेला फुगा आकाशात सोडला, तो गोनेस गावी उतरला आणि भयभीत ग्रामस्थांनी त्याच्यावर शस्त्रे चालविली. 1 डिसेंबर रोजी तो स्वतः तापमापक व वायुभारमापक बरोबर घेऊन ट्युइलेरी उद्यानातून वर गेला. वर जाताना बाहेरचा दाब घटत असल्याने आतील वायू फुगतो, म्हणून जादा वायूला वाट ठेवण्याची व्यवस्था त्याने केली होती. बॉइलचा नियम तेथे प्राणरक्षक ठरला. पुढे सुमारे 1787 मध्ये त्याने निरनिराळ्या वायूंना सारखेच तापवून त्यांचे प्रसरण पाहिले, पण त्याविषयी एक ओळही प्रसिद्ध केली नाही.

1802 मध्ये तेवीस वर्षांच्या गे-ल्युसॅकने स्वतंत्र व काटेकोर मापनांनी सिद्ध केले की शून्यापासून 100 अंशांपर्यंत तापविल्यास कोणत्याही वायूचे 100 भाग सुमारे 137.5 भाग होतात. आणि त्याच निबंधात, चार्ल्सने पंधरा वर्षांपूर्वी काही वायूंबाबत असेच पाहिले होते व ते आपल्याला योगायोगाने कळले, असे त्याने निःसंदिग्धपणे लिहिले. हा मजकूर त्याने गाळला असता तर चार्ल्सचे नाव या नियमाशी कधीच जोडले गेले नसते. पुढे रेन्योच्या अधिक सूक्ष्म मापनांनी 137.5 चा आकडा 136.65 च्या जवळ आणला, आणि 1834 मध्ये क्लापेरॉनने दाब, आकारमान व तापमान या तिघांना एकाच समीकरणात गुंफले.

आमच्या शाळांतून हे नियम सूत्ररूपाने पाठ करवून घेतले जातात. शिक्षकांना विनंती एवढीच की फळ्यावर सूत्र लिहिताना टाउनलीचे व हूकचेही नाव घ्यावे, आणि दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देणे हा विज्ञानाच्या पद्धतीचाच भाग आहे, हे विद्यार्थ्यांना त्याच तासाला सांगावे.