क्लॅरिनेट, हॉर्न, पियानो : उसनवारीवर उभं राहिलेलं त्रिकूट

क्लॅरिनेट, हॉर्न आणि पियानो वाजवणारे तिघं मैफलीचा कार्यक्रम ठरवायला बसले, की पहिलं नाव निघतं रचनाकार कार्ल रायनेकेचं. दुसऱ्या नावापाशी मात्र गाडी अडते. व्हायोलिन, चेलो आणि पियानो या त्रिकुटासाठी हायडनपासून पुढे रचनांची रीघ लागली आहे. क्लॅरिनेट-हॉर्नच्या त्रिकुटाची शिदोरी तेवढी तोकडी.

वाद्यांचं आपसात पटत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. क्लॅरिनेट घडलं ते १७०० च्या सुमारास, न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरच्या हातून. त्यानंतर चाळीसेक वर्षांतच हॅन्डेलनं दोन क्लॅरिनेट आणि एक शिकारी हॉर्न एवढ्यांसाठी ओव्हर्चर लिहिलं. सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८२ मध्ये व्हिएन्नात पदरी ठेवलेल्या ताफ्यात ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बासून प्रत्येकी दोन होते. १७८४ मध्ये मोत्सार्टनं या चार वाद्यांना पियानोची जोड देऊन क्विंटेट लिहिलं आणि आजवरची ही आपली सर्वोत्तम रचना असल्याचं वडिलांना कळवलं.

घोडं अडलं ते बाजारात. छापील संगीत विकत घेणारा वर्ग होता घरी पियानो असलेल्या हौशी लोकांचा, आणि त्यांच्या घरात पियानोशेजारी व्हायोलिन किंवा चेलो असायचं. हॉर्न आणि क्लॅरिनेट वाजवणारे बहुतेक दरबारी, लष्करी किंवा वाद्यवृंदातले नोकर. त्यांच्या भरवशावर प्रती खपणार कशा? मोत्सार्टनं १७८६ मध्ये क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानोसाठी त्रिकूट रचलं. व्हिएन्नाच्या आर्तारियानं ते १७८८ मध्ये छापताना मान दिला व्हायोलिनला, आणि क्लॅरिनेटवरही वाजवता येईल अशी पुस्ती जोडली. बीथोव्हेनच्या अकराव्या ओपसचंही तेच: क्लॅरिनेट नाहीतर व्हायोलिन. शूमाननं १८४९ च्या फेब्रुवारीत हॉर्नसाठी एक आणि क्लॅरिनेटसाठी एक अशा दोन रचना लिहिल्या. दोन्ही पियानोच्या साथीनं, दोन्हींना तंतुवाद्याचा पर्याय. दोन्ही फुंकवाद्यांना एकत्र बसवणं त्याच्याही मनात आलं नाही.

हॉर्नच्या त्रिकुटाला खरी प्रतिष्ठा दिली ब्राह्म्सनं, १८६५ मध्ये. पण त्यानं जोडीला घेतलं व्हायोलिन, आणि हॉर्नही मागितला तो जुन्या घडणीचा, बिनझडपांचा. झडपांच्या हॉर्नचं पेटंट १८१८ मध्येच बर्लिनमध्ये निघालं होतं. तरीही ब्राह्म्स लहानपणी वडिलांकडून शिकलेल्या हॉर्नवर अडून राहिला. या हॉर्नच्या नळीत मुळातले ठरावीक स्वरच असतात. मधले काढायचे तर वादकाला उजवा पंजा भोंग्यात सरकवून तोंड कमीअधिक बुजवावं लागतं. असा झाकलेला स्वर दबका, किंचित घुसमटलेला येतो. त्याला सांभाळायचं म्हणजे बाकी दोघांनाही आवाज आवरता घ्यावा लागतो, आणि ब्राह्म्सला नेमकं तेच हवं होतं. त्या वर्षी त्याची आई गेली होती. ई-फ्लॅट मायनरमधल्या संथ भागात तो झाकलेला स्वर काय करतो, हे ऐकल्यावरच कळतं. एवढं सगळं हॉर्नसाठी करूनही हॉर्नऐवजी चेलो चालेल अशी मुभा याही रचनेला मिळालीच.

रायनेके या सगळ्याचा साक्षीदार होता. लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाची सूत्रं त्याच्याकडे १८६० ते १८९५ अशी पस्तीस वर्षं होती. ब्राह्म्सचं ‘जर्मन रेक्विएम’ १८६९ मध्ये संपूर्ण स्वरूपात पहिल्यांदा वाजलं ते त्याच्याच हाताखाली. १८८० च्या दशकात त्यानं ओबो, हॉर्न आणि पियानोसाठी त्रिकूट लिहिलं, ओपस १८८. पुढे क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानोसाठी ओपस २६४. आणि १९०५ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, क्लॅरिनेट, हॉर्न आणि पियानोला एकत्र बसवलं ते बी-फ्लॅट मेजरमधल्या ओपस २७४ मध्ये. चार भाग, दुसऱ्या, संथ भागाचं नाव ‘परीकथा’. जगभर संगीताची भाषा बदलत होती आणि हा म्हातारा मात्र शूमानच्या वळणानं लिहीत होता. समकालीनांना ते शिळं वाटलं असेल, पण वादकांना आजही ते हवंसं वाटतं. क्लॅरिनेट आणि हॉर्न दोघांनाही त्यात खरंखुरं काम आहे. पियानो नुसता ठेका धरून बसत नाही.

म्हणून निवड करताना हा इतिहास उपयोगी पडतो. पाया ओपस २७४ चाच ठेवावा. त्याला जोड ओपस १८८ ची: ओबोचा सर्वांत खालचा स्वर क्लॅरिनेटच्या तळाच्या बराच वर आहे, त्यामुळे ओबोचा भाग क्लॅरिनेटवर सहज बसतो. गमावतो तो फक्त ओबोचा बोचरा, अणकुचीदार आवाज. ब्राह्म्स क्लॅरिनेटवर घेण्याचा मोह होतो, पण तिथं जपून. व्हायोलिन दोन तारा एकदम छेडतं तिथं क्लॅरिनेटला एकच स्वर निवडावा लागतो, धावत्या शेवटच्या भागात श्वासाला जागा शोधावी लागते, आणि गज विरुद्ध फुंक हा मूळ खेळच संपतो. शिवाय ब्राह्म्स आणि रायनेके एकाच संध्याकाळी लावले, तर हॉर्नवाल्याच्या ओठांचा विचार आधी करायचा. दोहोंच्या मध्ये क्लॅरिनेट आणि पियानोची एखादी रचना घालावी. शूमानची आहेच.

उसनं घ्यायला लाजायचं कारण नाही. या त्रिकुटाच्या कुळात उसनवारी पहिल्यापासून आहे आणि ती खुद्द रचनाकारांच्या आणि प्रकाशकांच्या संमतीनं चालत आली. एवढंच करावं, की मूळ वाद्य कोणतं होतं ते कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट छापावं. १७८८ मध्ये आर्तारियानंही पर्याय उघडपणेच छापला होता.