थांबून विचारण्याची सवय

एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र स्वतः निर्णय घेत नाही. ते बँकेच्या 'स्विच' या संगणकाला विचारते, स्विच खात्याचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य प्रणालीला विचारतो आणि मगच पैसे देण्याचा निरोप येतो. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत चोरांचा बनावट स्विच मुख्य प्रणालीला न विचारताच होकार देऊ लागला. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे निघाले. सोमवारी आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण चोरी ९४ कोटींहून अधिक होती.

अशा चोऱ्यांना पुष्कळदा माणसामार्फत वाट मिळते. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर गेले. अमेरिकी तपासानुसार, त्याआधी तेथील कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाचे सोंग घेतलेल्या ई-मेल आल्या होत्या. पण आणखी २ कोटी डॉलर वाचले, तेही माणसामुळेच! पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नावात 'फाउंडेशन' शब्दाचे स्पेलिंग चुकले होते. ते कोणाच्या तरी नजरेस आले आणि खुलासा मागवला गेला.

ही नजर शिकवता येईल का? रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. तीत कर्मचाऱ्यांच्या जागृतीचाही समावेश होता. मात्र जागृती म्हणजे केवळ उपदेश नव्हे. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी एका कंपनीच्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना १५ महिने खोट्या ई-मेल पाठवून पाहिल्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. फसलेल्याला लगेच दाखवलेल्या धड्याने तो अधिक सावध झाला नाही. उलट अशांचे फसणे वाढलेले दिसले. उपयोग झाला तो संशय कळवण्याच्या साध्या बटणाचा. थोड्यांनी कळवले तरी नवी फसवणूक लवकर उघड होई.

माळशिरससारख्या तालुक्याच्या गावी बँकेची शाखा असो, साखर कारखान्याचे हिशेब खाते असो वा शाळेचे कार्यालय, प्रशिक्षण आखताना तीन गोष्टी पाहाव्यात: उदाहरणे रोजच्या कामातली असावीत, धडा छोटा पण वारंवार असावा आणि शंका कोणाला कळवायची हे प्रत्येकाला ठाऊक असावे. चूक झाल्यावरही जो तत्काळ सांगतो, त्याला रागावू नये. रागावल्यास पुढचा माणूस चूक लपवतो. चुकलेले गणित वहीत झाकणारी मुले पाहिलेल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.