परळपासून पवईपर्यंत

भोपाळच्या चार इमली वस्तीत आम्ही मराठी मंडळी थोडीच आहोत. परंतु कोणाच्या घरी ‘टाटा’ हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला गेला, की त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. पंजाब मेलने मुंबई गाठावयाची, परळला मुक्कामाची सोय शोधावयाची, आणि मग वाट पाहत बसावयाचे. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा असाच गेला. त्याला रक्ताचा कर्करोग होता. तपासावयास दिलेली त्याची इतिहासाची वही माझ्यापाशीच राहिली, आणि त्या वहीपायी मी या रोगाशी झालेल्या झुंजीचा इतिहास वाचू लागलो.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे, त्यास पुढे गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव मिळाले. परंतु शल्यविशारदाचा हात चालतो तो गाठीवर. रक्त सर्वांगात फिरते. तेथे शस्त्र लावावयाचे कोठे? तेथे प्रयोगशाळाच हवी होती. ती परंपरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातली. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजेच डॉ. कमल रणदिवे, यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या शिकून त्या मुंबईस परतल्या आणि येथे पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. मुलांना हे सांगताना मी जरा थांबतो. जिवंत पेशी काचेच्या भांड्यात वाढविता येते, हे हातांत बसले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते.

१९८३ साली याच रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जेचे यशस्वी रोपण केले. भारतातील ते पहिले. बालपणीच्या पोलिओमुळे हे डॉक्टर स्वतः चाकांच्या खुर्चीतून वावरत. या रोपणातून एक गोष्ट जगभरच्या डॉक्टरांना उमगत गेली होती, ती ही की, दात्याच्या पांढऱ्या पेशी रोग्याच्या शरीरात शिरून कर्कपेशींचा फडशा पाडू शकतात. अडचण इतकीच, की जुळणारा दाता प्रत्येकास मिळत नाही.

मग रोग्याच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशींना शत्रू ओळखावयास का शिकवू नये? इस्रायलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एशार यांनी १९८९ साली त्याचा मार्ग दाखविला. २०१२ साली फिलाडेल्फिया येथे सहा वर्षांच्या एका मुलीवर हा ‘कार-टी’ उपचार झाला व ती वाचली. २०१७ साली अमेरिकेत त्यास मंजुरी मिळाली. किंमत मात्र आपल्या पैशांत तीन-चार कोटींच्या घरात!

पवईच्या आयआयटीत २०१३ साली रुजू झालेले डॉ. राहुल पुरवार यांनी हे काम येथेच करावयाचे ठरविले. रोग्याच्या रक्तातून ‘टी’ पेशी वेगळ्या काढावयाच्या. रोगकारक शक्ती काढून टाकलेल्या एका विषाणूच्या हाताने त्यांच्यात नवा जनुक घालावयाचा. मग त्या पेशी संख्येने वाढवून पुन्हा रोग्यास द्यावयाच्या. त्या जनुकामुळे पेशीवर उगवणारा ग्राहक ‘सीडी १९’ ही खूण धुंडाळतो व ती धारण करणाऱ्या ‘बी’ पेशीवर तुटून पडतो. निरोगी ‘बी’ पेशीही त्यात सापडतात, कधी जोराचा ताप उसळतो. या ग्राहकाचा मूळचा उंदरापासून आलेला भाग मानवी घडणीच्या जवळ आणून पुरवार व त्यांचे विद्यार्थी यांनी तो त्रास कमी करण्याचा यत्न केला. विषाणूसारखा वैरी औषधाचा हमाल व्हावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

४ जून २०२१ रोजी खारघरच्या टाटा केंद्रात भारतातील पहिला असा उपचार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ला सरकारी मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईस त्याचे लोकार्पण केले. ६४ रुग्णांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले, ज्यांचे मूल्यमापन होऊ शकले त्यांतील सुमारे ७३ टक्के रुग्णांत उपचाराचा गुण दिसला. सर्वांचा रोग गेला, असा याचा अर्थ नव्हे.

किंमत अमेरिकेच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर, चाळीस लाखांच्या आसपास आली. हे मोठेच काम. तरी ज्याच्या घरी शिक्षकाचा पगार येतो, त्याने चाळीस लाखांस स्वस्त म्हणावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

आणखी एक. २०२३ ची मंजुरी १५ वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी होती. लहान मुलांवरील चाचण्या टाटा रुग्णालयाचे डॉ. गौरव नरुला यांनी हाती घेतल्या. माझा विद्यार्थी अकरा वर्षांचा होता.