ताणा कुणी केला?

मंडळी, पैठणी म्हटली की सगळे पदराबद्दल बोलतात. मोर, पोपट, आसावली, नारळी काठ. माझ्या मनात मात्र बरेच दिवस ताणा घोळतो आहे. ताणा म्हणजे मागावर लांबीत बांधलेले उभे धागे आणि बाणा म्हणजे त्यांतून धोट्याने घातलेले आडवे. 'ताणाबाणा' हा शब्द आपण भाषणांत सहज वापरतो. पण ताणा करणारे हात इतिहासात क्वचितच भेटतात.

आधी एक दुरुस्ती. ग्रीकांनीही पैठणीचे वर्णन केले, असे पुष्कळदा छापून येते. 'पेरिप्लस' हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक ग्रंथ पैठणचा उल्लेख करतो खरा. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांची वाट, असे तो सांगतो. पण पैठणहून अकीक जातीचे दगड येत, असे त्यात आहे. कापड आणि मलमल येई ती तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. पैठणची पेठ जुनी, यात शंका नाही. पैठणी मात्र त्या ग्रंथातून काढता येत नाही.

पेशवाईत पुरावा पक्का होतो. पैठणच्या वस्त्रांची मागणी पेशव्यांच्या पत्रव्यवहारात आहे. आमच्या शिक्रापूरवरून जाणारा नगरचा (आताचे अहिल्यानगर) रस्ता पुढे त्याच मुलखात जातो. मागणीच्या पत्रात रंग येतो, नक्षी येते. ताणा करणारीचे नाव तिथे येण्याचे कारणच नव्हते.

आता काम पाहा. कच्च्या रेशमाला निसर्गतः एक डिंक असतो. तो साबण-सोड्याच्या गरम पाण्यात काढावा लागतो. त्यात रेशमाचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटते. मग रंगाई. मग लडी असारीवर चढवून धागा सोडवून घ्यायचा. तुटलेली टोके शोधून जोडायची. हे बसून करण्याचे आणि डोळ्यांचे काम आहे, आणि विणकरांच्या घरांत ते बहुतेक बायकाच करत आल्या. पुढे काही साड्यांना पुरेल इतक्या लांबीचे धागे मोजून, एकाआड एक तिढा देऊन ठेवायचे. तो तिढा सुटला की हजारो धाग्यांचा क्रम गेला. शेवटी जुन्या ताण्याच्या उरलेल्या टोकाला नव्याचे टोक, एकेक करून, बोटांनी पिळून सांधायचे, म्हणजे नवे धागे जुन्यामागोमाग फणीतून ओढले जातात.

पैठणीचा मोर रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्यांनी, ताण्याचे धागे मोजून हाताने भरतात. रंग बदलतो तिथे आडवे धागे एकमेकांत अडकवतात. म्हणून अस्सल पैठणी उलट-सुलट सारखीच दिसते. बाण्यात चूक झाली तर विणकर चार ओळी उसवतो. ताण्यातली चूक मात्र साडीभर सोबत येते. धूपछाव रंगही इथेच ठरतो. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, म्हणून पदर हलला की रंग हलतो.

२०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशातल्या हातमाग कामगारांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आढळल्या. त्यात ईशान्येचा वाटा मोठा आहे, हे खरे. तरी 'विणकर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मागावर बसलेला पुरुषच येतो. आम्ही शाळेत धडे शिकवले तेही असेच: राजा, विणकर, व्यापारी. असारीजवळ बसलेली बाई कुठल्याच धड्यात नव्हती. आणि ज्याचे नाव नाही त्याची मजुरीही हिशेबात धरली जात नाही, ती 'घरचे काम' होऊन बसते.

असो. भाच्या-पुतण्यांनो, येवल्याला किंवा पैठणला खरेदीला गेलात तर किंमत विचाराच. पण ताणा कुणी केला, तिला किती मिळाले, हेही विचारा. उत्तर मिळाले तर मला जरूर कळवा.