यवतची परसबाग व घरची साठवण

मळा आणि परस हे दोन शब्द आपल्या बोलण्यात शेजारी शेजारी नांदत असले, तरी त्यांचा इतिहास एक नाही. मळा गावाच्या काळीत असतो, परस पांढरीत. मळ्याचा सारा भरावा लागतो, त्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरी होते, त्याच्या मालाचा भाव मंडईत ठरतो. परसातील दोडक्याची नोंद कोठेच होत नाही. म्हणून आमच्या यवत गावच्या बागायतीविषयी बोलू लागले, की गोष्ट कालव्याची, उसाची व गुऱ्हाळांची निघते. घराच्या मागल्या दारी चार वाफ्यांत काय पिकत होते आणि ते वर्षभर कसे पुरविले जात होते, हा वृत्तान्त घरातील स्त्रियांच्या तोंडीच राहिला. तो आम्हांस जितका ज्ञात आहे तितका समाजबांधवांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

यवत हे पर्जन्यछायेतील गाव. सह्याद्रीवरील पाऊस पुण्याच्या पूर्वेस येईतो ओसरतो. पूर्वी सारी मदार विहिरीवर व मोटेवर होती. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले आणि मुठा उजव्या कालव्याने हवेली व दौंड या भागांचे रूप पालटले. त्याच दशकात १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला होता. आमच्या बाजूचा मातोबा तलाव हे त्या काळातील दुष्काळी काम होय. पाटाचे पाणी घेण्यास शेतकरी आरंभी कचरत असत. महात्मा जोतीराव फुले यांनी मांजरी येथे जमीन घेऊन या पाण्यावर बागाईत केली, आणि १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात पाटबंधारे खात्याच्या कारभाराचे वाभाडेही काढले. आपल्या माळी समाजास त्यांची ही दुसरी बाजू विशेष ठाऊक असावयास हवी. ते नुसते लेखणीचे नव्हते, वाफ्याचेही होते.

पाण्याच्या आधी रेल्वे आली होती. पुणे ते दिकसाळ हा लोहमार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला, आणि तो यवतवरूनच जातो. पुढे पाट आला, पुण्यात १८८६ साली रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उभी राहिली, तेव्हा मळ्यातील भाजीस वाट मिळाली. मळा पुण्याचा झाला. येथून पुढे घरातली माणसे मळ्यातील कोवळी वांगी पाटीत भरून गाडीवर चढवू लागली, आणि घरच्या कालवणासाठी परसाकडे पाहू लागली. परसबाग ही फावल्या वेळची हौस होती असे समजणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते मळ्याने जे विकले त्याची भरपाई परसाने केली, आणि ही भरपाई सर्वस्वी स्त्रियांच्या हातची होती.

रेल्वेने यवतच्या पुढील दुसरे स्थानक केडगाव. तेथे पंडिता रमाबाईंनी गेल्या शतकापूर्वीच्या अखेरीस जमीन घेतली, विहिरी खोदविल्या, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत आश्रयास आलेल्या मुलींकडून मळा पिकविला. मुक्तीसदनाचे धर्मकार्य हा निराळा विषय. परंतु शेकडो निराधार मुलींचे पोट त्या कोरड्या माळावर भरावयाचे तर विहीर व भाजीपाला यांवाचून गत्यंतर नाही, हे त्या विदुषीने ओळखले होते.

आता परसाचे वर्णन करू. त्यास निराळे पाणी कधीच मिळाले नाही. न्हाणीचे व भांडी घासल्याचे पाणी सारणीने बाहेर पडे. तेथे आधी अळू, मग केळ, मग कर्दळ. त्यापलीकडे मिरची व वांगी. कुडाच्या मांडवावर दोडका, कारले व घेवडा, गोठ्याच्या छपरावर भोपळा, कोपऱ्यात शेवगा आणि लिंबू. पांढरीची माती मुळातच खताची. पूर्वी शेतकरी ती गाड्यांनी शेतात नेऊन टाकीत. पानांवर मावा पडला की सकाळी दहिवरात चुलीतील राख उधळावयाची. बियांची व्यवस्था पाहावी तर पहिला, सर्वांत चांगला दोडका वेलावरच वाळू द्यावयाचा, त्यास हात लावणाऱ्या पोरास मार ठरलेला. काकडी-भोपळ्याचे बी शेणात कालवून भिंतीस थापीत. कडधान्याचे बी राखेत घालून गाडग्याचे तोंड मातीने लिंपीत.

आणि साठवण! माघात लिंबाचे लोणचे, पौषात आवळे मिळाल्यास गुळातील मोरावळा. गूळ तर आमच्याकडे दारचाच. चैत्र-वैशाखात अंगणात वाळवणांची दाटी होई. कोहळा किसून मुगाच्या डाळीचे सांडगे, मीठ भरलेल्या सांडगी मिरच्या, कारल्याच्या चकत्या, उकडून वाळविलेल्या गवारीच्या शेंगा, मेथी, आणि कैरीच्या आंबोशी. मुलांनी काठी घेऊन कावळे हाकावयाचे, सुनांनी थापावयाचे, आजीने खाटेवर बसून चुका काढावयाच्या. लोणच्यास किलोभर फोडींस पाव किलोच्या आतबाहेर मीठ, ओला हात वर्ज्य, फोडी तेलाखाली बुडालेल्या, आणि चिनी मातीच्या बरणीस घट्ट दादरा. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात तुकोबारायांची पालखी यवतला मुक्कामास येते, आणि गाव वारकऱ्यांस पिठले-भाकरी वाढते. त्या पिठल्यास लागणारी मिरची घरोघरी उन्हाळ्यातच वाळवून वेगळी काढलेली असे.

हेच काम परदेशी लोकांनी काचेत केले. निकोला आपेर नामक फ्रेंच हलवायाने बाटलीत अन्न घालून, बूच मारून, ती पाण्यात उकळण्याची युक्ती १८१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अमेरिकेत जॉन मेसन यांनी फिरकीच्या तोंडाच्या बरणीचे पेटंट घेतले ते ३० नोव्हेंबर १८५८ रोजी. म्हणजे यवतला आगगाडी येण्याच्या बरोबर पंधरा दिवस आधी. दोन्ही महायुद्धांत तेथील कुटुंबांनी परसात भाज्या लावून त्या बरण्यांत भरल्या. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली, आणि काच तर तळेगावच्या पैसा फंड कारखान्यात १९०८ पासून होत होती. तरीही हवाबंद बरणी यवतच्या माजघरात आली नाही. आमचे लोक मागासलेले म्हणून आली नाही, असे म्हणणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे.

कारण असे. मातीत एक जंतू असतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि हवा कोंडलेल्या, आंबटपणा नसलेल्या ओल्या अन्नात ते जागे होऊन प्राणघातक विष तयार करतात. त्याचा वास येतोच असे नाही. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, म्हणून येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. गवार वा घेवडा बरणीत सुरक्षित ठेवावयाचा तर दाबाखाली ११६ ते १२१ अंशांची उष्णता, आणि तीही नेमक्या वेळेपर्यंत, द्यावी लागते. आमच्या आज्यांना जंतूचे नाव ठाऊक नव्हते. परंतु गवार त्यांनी ओली कधी कोंडली नाही, वाळविली. आंबट कैरी मीठ-तेलात, तुरट आवळा गुळात, बाकी सारे उन्हात. जेथे वैशाखातील ऊन फुकट मिळते, तेथे हीच खरी शास्त्रशुद्ध पद्धत होय.

तिची परीक्षा दोनदा झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली. पुण्यात हाहाकार झाला तो सर्वश्रुत आहे. इकडे पाटाचे पाणी तुटले ते फारसे कोणी लिहिले नाही. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. १९७२ चा दुष्काळ मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिला. लाल मिलोच्या भाकरी, शाळेत सुकडी, आणि घरची वडील माणसे खडी फोडावयास रस्त्याच्या कामावर. मळ्यातील विहिरीने तळ दाखविला होता, परसात केवळ शेवगा जिवंत होता. माळ्यावर दोन मडकी गवार, एक आंबोशींचे गाडगे आणि सांडग्यांचा डबा होता. घरात तेरा माणसे. थोरल्या काकू रोज माणशी दोन सांडगे मोजून काढीत, आणि डब्याची किल्ली कमरेस ठेवीत. शेजारी एक बाळंतीण होती, तिच्या घरी मात्र त्या न मोजता देत. त्यावरून घरात एकदा कुरबूर झाली. काकू म्हणाल्या, “बाळंतिणीचं ताट काय मोजायचं?” विषय तेथेच संपला.

बरणी आमच्या घरी आली ती टोमॅटोमुळे. आमच्या आजी त्यास अखेरपर्यंत वेलवांगेच म्हणत. १९८० नंतर आमच्या घरच्या मळ्यात टोमॅटो वाढले, आणि भाव इतका पडे की पाटीचे भाडेही सुटत नसे. पुण्यात फळे टिकविण्याचे शिक्षण देणारा एक वर्ग करून आमच्या सौभाग्यवतींनी ही विद्या घरी आणली. टोमॅटो आंबट, म्हणून उकळत्या पाण्याची पद्धत त्यास चालते. साली काढून, ठेचून, कढवून ते स्वच्छ बरणीत भरावयाचे. अर्ध्या लिटरच्या बरणीस एक मोठा चमचा लिंबाचा रस. झाकण लावून, तळाशी फडके घातलेल्या पातेल्यात, बरणीवर दोन बोटे पाणी येईल असे, चाळीस मिनिटे उकळावयाचे. शाळेच्या सुट्टीत धाकटी बरण्या धूत, थोरला चुलीपाशी बसे, आणि घड्याळ आमच्या हाती असे. मास्तरांस दुसरे काय येते, असे सौ. म्हणत. लिंबू परसातलेच.

आता गावठाणात माळवदे जाऊन मजले चढले. सोलापूर रस्त्यालगतच्या जमिनींस जो भाव आला आहे त्यात चार वाफ्यांची जागा कोण मोकळी ठेवणार? परस होते तेथे मोटार उभी असते. पिशवीतील संकरित बी जोमदार येते यात शंका नाही, परंतु त्या फळाचे बी पुढील वर्षी तसेच उगवत नाही. त्यामुळे वेलावर दोडका वाळविण्याची रीत उरली नाही. आमच्या आळीत राखेतील घेवड्याचे जुने बी आज दोन घरी आहे, आणि दोन्ही घरी ते जपणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या पुढील आहेत. बांधवांपैकी कोणाच्या घरी असे बी असल्यास त्यांनी मूठभर शेजारच्या दोन घरी द्यावे, आणि सांडगे, आंबोशी, मोरावळा यांची आपल्या घरची मापे वडील बायकांस विचारून त्यांच्या नावानिशी कागदावर उतरवून ठेवावीत. वैशाख संपण्यापूर्वी विचारलेले बरे, कारण हाताने करताना त्या जे सांगतात ते नुसते बसून आठवत नाही.