आधी नमुना, मग विमान

जर्मनीच्या हेसेन प्रांतातील ऱ्योन पर्वतराजीत वासरकुपे हे 950 मीटर उंचीचे शिखर असून त्याचा माथा गवताळ, बराचसा उघडा आणि चहूबाजूंनी उतरता आहे. त्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याला सामोरा असणारा एखादा उतार तेथे सापडतोच. उतारावर आदळलेला वारा वर वळतो, आणि घार जशी कड्याजवळ पंख न हलवता तरंगत राहते तसे इंजिन नसलेले विमान, म्हणजेच ग्लायडर, त्या वाऱ्यावर तासन्‌तास टिकून राहू शकते. ग्लायडर भोवतीच्या हवेच्या मानाने सतत खालीच येत असतो. हवा त्याहून वेगाने वर चढत असेल तेवढ्यापुरती त्याची उंची वाढते. ही साधी गोष्ट ज्या डोंगरावर पद्धतशीरपणे अभ्यासली गेली, त्याच डोंगराच्या इतिहासात रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती ग्लायडरांच्या छंदाचेही एक मूळ सापडते.

1919 च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाईदल ठेवण्यास मनाई केली आणि विमाने व इंजिने बनवण्यावरही निर्बंध घातले. ‘फ्लुगश्पोर्ट’ या नियतकालिकाचे संपादक ओस्कार उर्सिनुस यांनी 1920 मध्ये वासरकुपेवर बिनइंजिनाच्या विमानांची पहिली स्पर्धा भरवली, आणि जेत्या राष्ट्रांनी ज्याची फारशी दखल घेतली नाही तो हा खेळ काही वर्षांतच विज्ञानाच्या पातळीला पोहोचला. हानोफरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ‘व्हाम्पीर’ या ग्लायडरने 1922 मध्ये एका तासाहून अधिक काळ हवेत राहून दाखवले. स्पर्धकांपैकीच एक असलेले आलेक्झांडर श्लायखर हे पेशाने सुतार होते, आणि 1927 मध्ये त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी पॉपेनहाउझेन येथे ग्लायडरांचा कारखाना काढला, जो आजही चालू आहे. सुताराने विमानांचा कारखाना काढावा यात तेव्हा कोणाला नवल वाटले नसावे, कारण त्या काळचा ग्लायडर म्हणजे लाकडी पट्ट्या, पातळ प्लायवुड, सरस आणि वर ताणून रंगवलेले कापड एवढाच ऐवज होता.

ग्लायडरांच्या लहान नमुन्यांचे बांधकामही अशाच साहित्याचे असे, आणि आज सहसा विसरली जाणारी गोष्ट म्हणजे त्या काळी नमुना हा पुष्कळदा विमानाच्या आधी जन्माला येई. शेपटीविना उडणाऱ्या विमानांच्या कल्पनेने झपाटलेले आलेक्झांडर लिपिश हे नव्या आकारांचे लहान उडते नमुने करून त्यांचे वर्तन पाहत आणि मगच माणूस बसेल अशा विमानाकडे वळत. नमुना हे तेव्हा स्वस्तातले प्रयोगसाधन होते, आठवण जपण्याचे साधन नव्हते.

1930 च्या दशकात याच कौशल्याला वेगळे वळण मिळाले. नात्झी राजवटीने नमुनेबांधणी शाळांत आणि युवक संघटनांत नेली, नमुन्यातून ग्लायडरकडे आणि ग्लायडरमधून लढाऊ विमानाकडे अशी वाट मुलांसाठी आखली, आणि ऱ्योनच्या स्पर्धाही तिच्या छायेखाली आल्या. या छंदाच्या कौतुकपर इतिहासांत हे पान घाईने उलटले जाते, ते योग्य नव्हे. 1945 नंतर विजेत्या सैन्यांनी ग्लायडर मोठ्या संख्येने नष्ट केले, आणि जर्मनीत ग्लायडर उडवण्याची परवानगी 1951 मध्येच परत मिळाली.

रेडिओ मात्र दुसरीकडून आला. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हौशी रेडिओ-संघटनेशी संबंधित रॉस हल आणि क्लिंटन डिसोटो यांनी रेडिओने वळवता येणारे ग्लायडर उडवले. सुरुवातीच्या काळात बहुधा फक्त सुकाणू, म्हणजे शेपटीवरील उभा हलता पडदा, हाताळता येई. त्यासाठी वापरलेल्या एका यंत्रणेत पिळलेले रबर असे आणि प्रत्येक संदेशासरशी ते एकेक टप्पा सुटून सुकाणू डावीकडे, मध्ये किंवा उजवीकडे जाई. हातातील नियंत्रकाची कांडी जितकी हलवावी तितकेच सुकाणू वळावे, ही सोय 1960 च्या दशकात रुळली, आणि खऱ्या विमानासारखे उड्डाण त्यानंतरच शक्य झाले.

येथून पुढे नमुना आणि विमान यांचा क्रम उलटला. नमुना आता विमानाच्या मागून चालू लागला आणि गतकाळातील एखाद्या विशिष्ट ग्लायडरची प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधणे हेच ध्येय ठरले. या प्रतिकृतीकारांचा एक लाडका विषय म्हणजे वोल्फ हिर्ट आणि मार्टिन शेम्प यांच्या कारखान्यातून 1935 मध्ये आलेला ‘मिनिमोआ’, ज्याचे पंख कुरव पक्ष्याच्या पंखांसारखे मुळापासून वर चढून पुढे मोडल्यासारखे वळतात. त्याची पंखांची लांबी 17 मीटर, त्यामुळे एक-चतुर्थांश प्रमाणात ती सव्वाचार मीटर होते. पण पंखांचे क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शाला उतरते आणि वजन, आकारमानाप्रमाणे घटले तर, चौसष्टाव्या हिश्शाला. भरलेल्या अवस्थेत सुमारे 350 किलोचा मूळ ग्लायडर अशा हिशेबाने साडेपाच किलोचा होतो आणि त्याचा वेग मुळाच्या निम्मा राहतो. लांबी मात्र चौथ्या हिश्शाची असल्याने स्वतःच्या लांबीइतके अंतर तो मुळाच्या दुप्पट लगबगीने कापतो, म्हणून प्रतिकृती हवेत नेहमीच किंचित घाईत दिसते. वजन वाढले की घाई आणखी वाढते.

शिवाय हवा स्वतः लहान होत नाही. पंखाची रुंदी चौथ्या हिश्शाची आणि वेग निम्मा झाल्यावर त्या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असणारा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाच्या जडत्वाचे त्याच्या चिकटपणाशी असलेले प्रमाण, आठव्या हिश्शावर येतो, आणि मुळातला जाड, फुगीर पंखछेद जसाच्या तसा उतरवला तर हवा त्याच्या पाठीवरून लवकर सुटते. म्हणून बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या पंखाचा छेद बहुधा गुपचूप पातळ केलेला असतो. जुन्या ग्लायडरांचे नाक आखूड असल्याने तोल साधण्यासाठी त्यात शिसे भरावे लागते. शेपटीकडे एक ग्रॅम वाढला की नाकात कित्येक ग्रॅम वाढतात, आणि कारागिराची खरी परीक्षा शेपटीच्या हलकेपणात होते.

बरीच मूळ विमाने नष्ट झालेली असल्याने आराखड्यांना मोल आले. मार्टिन सायमन्स यांनी जुन्या ग्लायडरांवर लिहिलेल्या ग्रंथांतील तीन बाजूंची रेखाटने कार्यशाळांत संदर्भाला ठेवली गेली; हेच लेखक नमुनेविमानांच्या वायुगतिकीवरील एका प्रसिद्ध पुस्तकाचेही कर्ते आहेत. वासरकुपेवर 1987 मध्ये उघडलेल्या जर्मन ग्लायडर संग्रहालयाच्या नावातच नमुनेविमानांचा उल्लेख आहे. तेथील एका उताराला ‘वेल्टेनझेग्लर’ या बिनशेपटीच्या ग्लायडरचे नाव आहे. 1921 मध्ये हा ग्लायडर हवेतच मोडला आणि त्याचा वैमानिक विली लॉइश मरण पावला. आज त्या उतारावर नमुने उडवले जातात.